माईंची दोरी

माईंनी कपडे वाळत घालायची दोरी हलवली, हे माझ्या लक्षात यायला अडीच महिने लागले.

पणजीत भाटल्याला आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्याची एक भिंत आहे, छातीएवढी. तिच्यावरून वर्षानुवर्षं वाट्या, वर्तमानपत्रं, कढीपत्ता आणि वाड्यावरच्या बातम्या इकडून तिकडे जात आल्या आहेत. माईंचं अंगण आमच्या पूर्वेला. तिथं माडापासून तुळशीमागच्या खांबापर्यंत एक निळी नायलॉनची दोरी होती. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंपों गल्लीच्या टोकाला विरला की थोड्या वेळानं माई बादली घेऊन दोरीपाशी यायच्या. आधी भाऊंचे पांढरे पंचे, मग नातीचा शाळेचा शर्ट, शेवटी स्वतःच्या फिकट साड्या. हा क्रम कधी चुकला नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा पीत रोज हे बघायची. रोज बघायची म्हणजे काय, ते त्या वर्षी कळलं. मार्चअखेरीस एका सकाळी पंचे दिसले नाहीत म्हणून टाचा उंच करून पाहिलं, तर दोरी घरामागे न्हाणीच्या पत्र्याखाली गेलेली. तिथं ऊन असं येतच नाही, दुपारी तासभर तिरपं काय ते. मला वाटलं, ऊन कडक झालंय, रंग जात असेल. पांढऱ्या पंच्याचा कुठला रंग जाणार, हे काही सुचलं नाही.

ते नातीनं सांगितलं. शिगम्याचे दिवस होते. भिंतीवर चढून बसली होती, हातात खाजं. "मावशी, तुझ्या माश्या आमच्या कपड्यांवर शी करतात. आजी म्हणाली, तुला सांगायचं नाही."

आणि खाजं चोखत खाली उतरून गेली.

त्याच्या आठच दिवस आधी मी माईंना मधाची बाटली नेऊन दिली होती. माझ्या पेट्यांमधला पहिला मध. झाकणावर कापडाची टोपी, वर लाल फीत. माईंनी बाटली उजेडात धरली, "बरो आसा गो," म्हणाल्या आणि पंचामृताला होईल म्हणून देव्हाऱ्याशेजारी ठेवली. तेव्हा दोरी हलवून त्यांना दोन महिने झाले होते.

ते ठिपके मी स्वतः पाहिले होते, हे जास्त लागलं. माझ्या स्कूटरच्या सीटवर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. बाजरीच्या दाण्याएवढे, जरा लांबट, हळदीहून गडद आणि वाळले की चिवट. आंब्याच्या मोहोराचं काहीतरी गळत असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. मधमाशी पेटीत घाण करत नाही. पोटात धरून ठेवते आणि बाहेर पडल्या पडल्या, उडता उडता मोकळी होते. रंग पिवळा, कारण पराग पचल्यावर उरलेली त्याची टरफलंच त्यात असतात. दुपारच्या उन्हात नव्या माश्या पेटीसमोर घिरट्या घालून घराची खूण मनात बसवतात, त्याही पहिल्यांदा तेव्हाच मोकळ्या होतात. आणि कपडे वाळण्याची वेळही तीच. हे सगळं मी वाचलं होतं. 'माश्या स्वच्छताप्रिय असतात' या वाक्याखाली रेघसुद्धा मारली होती. त्यांच्या स्वच्छतेची किंमत कुणाच्या पंच्यावर पडते, ते त्या पुस्तकात नव्हतं.

नंतर शोधताना एक गोष्ट सापडली. ती मी आता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. १९८१ साली अमेरिकेनं सोव्हिएत संघावर आरोप केला की लाओस आणि कंबोडियात आकाशातून विष फवारलं जातंय. तिथल्या लोकांनी 'पिवळा पाऊस' पाहिला होता, पानांवर पिवळे ठिपके सापडले होते. खूप गदारोळ झाला. पुढे हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन, मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली आणि इतरांनी ते ठिपके तपासले, तर आत परागांची रिकामी टरफलं. १९८४ मध्ये हे लोक थायलंडला गेले आणि तिथं खुद्द त्यांच्याच अंगावर तो पाऊस पडला. जंगलातल्या माश्यांची अख्खी वसाहत एकदम बाहेर पडून मोकळी होत होती. दोन महासत्ता ज्यावरून एकमेकींच्या अंगावर गेल्या, ते प्रकरण माईंनी दोरी हलवून मिटवलं होतं. मी मात्र ही गोष्ट हसत सांगते आणि सांगून झाल्यावर घशात काहीतरी अडकतं.

माई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं आजोळ सत्तरी तालुक्यातलं. घरापासून हाकेच्या अंतरावर सातेरीचं देऊळ. आत मूर्तीच्या जागी वारूळ. आम्ही रोयण म्हणतो. ओलसर काळोख, तेलाचा वास, त्या मातीच्या उंचवट्यावर अबोलीचे वळेसर. मामा पावसाआधी मध काढायला रानात जायचा आणि म्हणायचा, ही सातेरी माशी आहे. लहानपणी मला वाटायचं की या देवीच्या माश्या. पोळ्यांचे सात थर एकाशेजारी एक लावते म्हणून सातेरी, असं पुढे प्रशिक्षणात सांगितलं. सात मी कधी मोजून पाहिले नाहीत. पण ही माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या फटीत आणि कधी कधी ओसाड वारुळातही घर करते. म्हणून माझा लहानपणचा गैरसमज मी अजून पुरता सोडलेला नाही.

मामा ढोलीत हात घालायचा तो नारळाच्या सोडणांचा धूर देऊन. हळू, जणू झोपलेल्या मुलाच्या उशाखालचं काही काढतोय असा. वरचा मधाचा पट्टा कापायचा, अंडी-अळ्यांचं पोळं तसंच ठेवायचा आणि ढोलीच्या तोंडाशी दगड परत लावायचा. "सगळें काडल्यार फुडल्या वर्सा कितें खातले?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण मामा काही संत नव्हता. आग्याचं पोळं दिसलं की रात्री चूड पेटवून खाली झाडायचा. जळत्या माश्या ठिणग्यांसारख्या पडायच्या, आम्ही मुलं लांबून टाळ्या पिटायचो. सकाळी झाडाखाली काळा सडा. त्याच हातांनी तो सातेरीच्या ढोलीला दगड लावायचा, आणि त्याला यात काही विसंगत वाटत नसे. मलाही तेव्हा वाटलं नाही.

तेच आजोळ डोक्यात घेऊन मी पन्नाशीत पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि नोव्हेंबरात चार पेट्या आणल्या. प्रशिक्षणात न्यूटन पेटी दाखवली. सफरचंदवाला न्यूटन नव्हे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत सातेरीसाठी ही लहान पेटी बसवणारे फादर न्यूटन. खाली पिल्लांची कोठी, वर मधाची, आत चौकटी, आणि दोन चौकटींमध्ये माशीला जेमतेम जाता येईल एवढीच फट. फट मोठी ठेवली तर ती मेणानं पोळं बांधून भरून टाकते, लहान ठेवली तर तिला ये-जा करता येत नाही. मी सगळं शिकल्याबरहुकूम केलं. पेट्या स्वयंपाकघरावरच्या छोट्या गच्चीत मांडल्या. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर हुमले, म्हणजे मुंग्या, एका रात्रीत पेटी रिकामी करतात. दुपारच्या उन्हाला झापांची सावली. परातीत पाणी आणि त्यात बसायला खडे. दार पूर्वेला, सकाळचं पहिलं ऊन आत जावं, माश्या लवकर कामाला लागाव्यात म्हणून.

पूर्वेला माईंचं अंगण.

माशीला काय लागतं, याची यादी मी तीनदा वाचली होती. शेजाऱ्याला काय लागतं, ते विचारायला भिंतीपर्यंतसुद्धा गेले नव्हते. पेट्या आणल्या त्या संध्याकाळी माईंना एवढंच म्हटलं, "माई, मधमाश्या पाळतेय हं, घाबरू नका." त्यात विचारणं कुठे होतं? ती दवंडी होती. महाबळेश्वराजवळ मांघर म्हणून एक गाव आहे, २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं मी मुद्दाम जाऊन आले होते. घरांच्या मागं, बांधावर, जिथं बघावं तिथं पेट्या. परतताना बसमध्ये वाटलं होतं, आपल्या वाड्यावरही असंच व्हावं. आता कळतं की तिथं भाऊंचे पंचे कुणाच्या माशीनं रंगवले, हा प्रश्नच उठत नसावा. डाग सगळ्यांचे, मधही सगळ्यांचा. शहरात पेटी एकीची असते आणि माश्यांची वाट दहा घरांवरून जाते. सातेरी साधारण किलोमीटरभराच्या टापूत फिरते. माझी गच्ची मध्ये धरून तेवढं वर्तुळ काढा. त्यात आल्तिन्याच्या डोंगरावरची झाडं येतात, शेजारच्या मळा वाड्यावरची कौलं येतात, खाडीकडेची तिवरं येतात, मारुतीच्या देवळाची पायरी येते. जत्रेत खाज्यांच्या दुकानावर गुळाच्या वासानं माश्या जमतात, त्यातल्या काही माझ्याच असणार. दुकानदार फडक्यानं हाकलत असतो. मी तिथून खाजं घेते आणि गप्प राहते.

गप्प राहण्याचा विषय निघालाच आहे, तर तेही लिहून टाकते.

फेब्रुवारीत एका पेटीनं घर सोडलं. फुलोरा वाढला, पेटीत दाटी झाली की जुनी राणी अर्ध्या वसाहतीला घेऊन निघते. जाणत्या माणसाला हे आठवडाभर आधी दिसतं. चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीची घरं लटकायला लागतात. मी त्या आठवड्यात लग्नाला गेले होते. आले तेव्हा गल्लीत कल्ला. कुणाच्या तरी उभ्या स्कूटरच्या आरशाखाली फणसाच्या कुयरीएवढा माश्यांचा घोस. खरं तर अशा वेळी त्या सगळ्यात निवांत असतात. पोटं मधानं भरलेली, राखायला घर नाही. पण कुणीतरी झाडू मारला आणि एका पोराच्या कानाला डंख बसला. मी धावले. नांगी चिमटीत धरून ओढा नाहीतर कडक कडेनं खरवडा, त्यानं फारसा फरक पडत नाही. काढायची मात्र लगेच. मी माझ्या ओळखपत्राच्या कडेनं काढली. तिथं पिकल्या केळ्यासारखा वास येत होता, साळदाटीचा घड बंद खोलीत ठेवल्यावर येतो तसा. तो माशीचा धोक्याचा निरोप असतो. त्या वासावर दुसरी येते, मग तिसरी. पोराला आत नेलं, कान धुतला, बर्फ धरला. त्याच्या आईला सांगितलं की अर्धा तास लक्ष ठेव. अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नको, सरळ इस्पितळ. त्यावरचं इंजेक्शन तिथंच असतं. पोराला काही झालं नाही. चॉकलेट खाऊन पळालं.

मग कुणीतरी विचारलं, "कोणाच्यो गो ह्यो?"

आणि मी म्हटलं, "रानातल्या असतील. आल्तिन्यावरून आल्या असतील."

माशीच्या कपाळावर नाव लिहिलेलं नसतं. सगळ्यांना पटलं. संध्याकाळी मी तो घोस रिकाम्या पेटीत झटकून घेतला, तेव्हा लोकांनी माझं कौतुकही केलं. "जंगली माश्या हातानं धरते!" भिंतीपाशी माई उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. हातात बादली होती, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा आठवलं असतं तर दोरीचं आधीच कळलं असतं.

त्या खोट्याची परतफेड पुढच्या नोव्हेंबरात झाली, ती वेगळ्याच वाटेनं. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्याच्या छज्जाखाली आग्याचं पोळं लागलं. सुपाएवढं, काळसर. गांधीलमाशी जवळ आली की सगळ्या माश्या एकामागून एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकते. मला ते तासन्‌तास बघावंसं वाटायचं. ज्यांची बाल्कनी होती, त्यांना काय वाटत असेल? इमारतीतल्या लोकांनी ठरवलं की या भाटल्यातल्या बाईच्या माश्या. मी समजावलं की आग्या पेटीत राहतच नाही, ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पावसाळ्यानंतर येते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत आपणच निघून जाते. दिवा तेवढा पोळ्यासमोर लावू नका, धक्का देऊ नका. एक तरुण आई कडेवर तान्हं घेऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हणजे मेपर्यंत मी खिडकी उघडायची नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चार दिवसांनी त्यांनी फवारणीवाले बोलावले. सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर माश्या पडल्या होत्या. मेलेल्या आणि अजून न मेलेल्या, पाठीवर गोल फिरणाऱ्या. वॉचमन खराट्यानं लोटत होता आणि खराट्याखालून कुरकुर आवाज येत होता, वाळलेल्या पानांसारखा, पण जरा ओला. मामाचा काळा सडा आठवला. या वेळी टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. त्या बाईचा मला राग आला आणि तो राग धरून ठेवताही येईना.

मे महिन्यात, २० तारखेला, जागतिक मधमाशी दिन येतो. स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शा नावाच्या जुन्या मधपाळाचा तो जन्मदिवस मानतात. फोन शुभेच्छांनी भरतो. त्यात आइनस्टाइनचं ते वाक्य ठरलेलं, मधमाश्या गेल्या की माणूस चार वर्षांत संपेल. आइनस्टाइन असं कुठं म्हणाल्याचा पुरावा नाही, पण चांगल्या कामाला खोटं चालतं असा आपला समज असतो. (मी बोलावं का हे!) लोक मला 'माश्या वाचवणारी' म्हणतात. पेटीतल्या सातेरीला माझ्याकडून वाचवण्यासारखं फारसं काही नाही. कोंबड्या पाळून कुणी पक्षी वाचवतो का? आमच्या मीटरबोर्डाच्या भोकात डंख नसलेल्या चिमुकल्या माश्यांचं घर आहे. मेणाची काडीएवढी नळी बाहेर काढून दारात बसतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची एकटी माशी येते, हवेत थबकून, कापऱ्या सुरात. शेवग्याच्या फुलांना मोठा काळा भुंगा. यांना कुणी साखरेचा पाक देत नाही. मी चार पेट्या आणल्यावर तुळशीवरची ती निळी माशी कमी दिसायला लागली. ते खरंच तसं होतं की मला अपराधी वाटत होतं म्हणून तसं दिसलं, सांगता येत नाही. लंडनमध्ये गच्च्यागच्च्यांवर पेट्या झाल्या, तेव्हा क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या २०२० च्या अहवालानं बजावलं होतं की पाळीव माश्या अशा वाढत गेल्या तर रानमाश्यांच्या तोंडचा घास जाईल. फुलं तेवढीच, तोंडं वाढली. मी दोन पेट्या सत्तरीत मामेभावाच्या काजूच्या बागेत नेऊन ठेवल्या. दोन ठेवल्या. सोडवत नाहीत म्हणून, दुसरं कारण नाही.

आता वाड्यावर, ओळखीत, बरेच जण विचारतात. ऑनलाइन पेटी मिळते का? आत माश्या भरलेली? मिळते. पण ती वसाहत कुठल्या ढोलीतून कापून आणली, हे तो विकणारा सांगत नाही. लांबून आणलेल्या पेटीतून रोगही येतो. १९९१-९२ च्या सुमारास केरळात सातेरीच्या अळ्या पिशवीसारख्या फुगून मरायला लागल्या, विषाणूचा रोग. पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. शिवाय गोव्याचा पाऊस आहे. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडायला मिळत नाही आणि पडली तरी फुलांत पाणीच. तेव्हा पाक द्यावा लागतो, तोही पेटीच्या आत, दिवेलागणीनंतर, एक थेंब बाहेर न सांडता. पहिल्या वर्षी मी दिवसाढवळ्या दिला आणि सांडला. चवथीच्या आदले दिवस. माईंच्या स्वयंपाकघरात पातोळ्या उकडत होत्या, हळदीच्या पानांचा आणि गुळखोबऱ्याच्या चुनाचा वास भिंतीवरून येत होता. माझ्या पाकानं चटावलेल्या माश्यांना तो वास लागला. दहा-बारा खिडकीतून आत. माईंनी पातोळ्यांवर ओला पंचा टाकला, दिवा बंद केला आणि काळोखात बसून राहिल्या, माश्या उजेडाकडे निघून जाईपर्यंत. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. कौतुकानं सांगितलं, "आई किती शांत!" म्हणून.

तोवर मी माईंची माफी मागून झाली होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. नव्हती. नातीनं सांगितलं मार्चात. मी भिंतीपलीकडे गेले ती चवथ झाल्यावर, सप्टेंबरात. मधले सहा महिने मी मनात वाक्यं जुळवत होते. गेले तेव्हा माई आळसांदे निवडत होत्या. मी दोरीचं काढलं. त्या हसल्या. "कितें सांगूं गो तुका? तुजी इतली हौस." मग सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाल्या, कपड्यांचं काही नाही, डाग काय, उन्हात फिके होतात. पण त्या दिवशी स्कूटरपाशी तू आल्तिन्याचं नाव घेतलंस, ते बरं नाही वाटलं. पोराला चावली होती. मी मान खाली घालून आळसांदे निवडायला लागले. अर्धा किलो निवडून झाल्यावर चहा आला.

पेटी फिरवणं सोपं नसतं. माशीच्या डोक्यात घराची जागा बोटाबोटानं कोरलेली असते. पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत नाहीतर तीन मैलांच्या बाहेर, असं जुने लोक सांगतात. मधेच कुठे ठेवली तर सगळ्या जुन्या जागी येऊन रिकाम्या हवेत भिरभिरतात. मी पेट्या जागच्या जागीच फिरवल्या, रोज संध्याकाळी दोन बोटं. घड्याळाचा काटा जसा. पाऊस ओसरेपर्यंत दारं पश्चिमेला, डोंगराकडे झाली. पूर्वेच्या कठड्यावर बांबूचा पुरुषभर उंच ताटवा बांधून त्यावर वालाची भाजी चढवली, म्हणजे माश्यांना वर उठूनच जावं लागतं, अंगणावरून सरपटत नाही. आता पहिलं ऊन दाराला लागत नाही. माश्या तासभर उशिरा कामावर येतात, कचेरीतल्या बाबूंसारख्या. मधही कमी झाला असावा. डासांसाठी धूर मारायची गाडी येणार असली की कुणीतरी फोन करतं, मग मी अंधार पडताना दारावर ओलं फडकं लावते. फोन करणारं कुणीतरी म्हणजे बहुतेक त्या कान सुजलेल्या पोराची आई. तिलाही मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक होतं."

सगळ्यांनाच ठाऊक होतं, असं आता वाटतं.

माईंची दोरी मात्र परत आली नाही. न्हाणीच्या पत्र्याखालीच आहे. सवय झाली, त्या म्हणतात. जुन्या जागी, त्या माडापासून त्या खांबापर्यंत, त्यांना विचारून मी माझी दोरी बांधली आहे. तिच्यावर रोज सकाळी आमची एक जुनी पांढरी चादर घालते. दुपारी कचेरीतून जेवायला आले की चष्मा लावून तिच्यावरचे ठिपके मोजते आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा टाकते. पहिल्या आठवड्यात एकोणीस होते. दारं पूर्ण फिरल्यावर नऊ. पाऊस चार दिवस लागून उघडला त्या दिवशी एकदम सव्वीस, आणि मी चादरीसमोर उभी राहून अपमान झाल्यासारखी लाल झाले. शून्य कधीच झालं नाही. फुलं त्या बाजूलाही आहेत, माश्या जाणारच.

काल मोजत होते तर भिंतीपलीकडून, न्हाणीच्या बाजूनं आवाज आला.

"कितले गो आज?"

"पाच."

पंचा झटकल्याचा आवाज. मग, "काल तीन आशिल्ले."